ठसका थांबला तेव्हा : गिळण्याच्या बिघाडाचे एक प्रकरण

हे प्रकरण सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातील एका द्राक्ष बागायतदाराचे आहे. ओळख पटू शकेल असे तपशील वगळले किंवा बदलले आहेत. वैद्यकीय घटनाक्रम मात्र तसाच ठेवला आहे. घरात त्यांना सगळे आबा म्हणत, म्हणून येथेही तेच नाव वापरले आहे. लिहिणारी व्यक्ती वाचोपचारतज्ज्ञ असून गिळण्याच्या तक्रारींवर उपचार करणाऱ्या पथकात काम करते. या प्रकरणातील एक महत्त्वाची चूक तिच्याच हातून झालेली आहे.

पार्श्वभूमी

आबांचे वय ६८. रक्तदाबाची गोळी चालू होती, पण ती नियमित घेतली जात नव्हती. ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत सकाळी बागेत मजुरांबरोबर उभे असताना त्यांना एकाएकी गरगरले, पाठोपाठ दोन उलट्या झाल्या आणि डावा गाल बधिर झाल्यासारखा वाटू लागला. हात-पाय व्यवस्थित चालत होते, तोंड वाकडे झाले नव्हते, बोलणेही समजत होते. त्यामुळे अर्धांगाची शंका कोणालाच आली नाही. गावातच पित्ताचे आणि चक्करेचे इंजेक्शन देण्यात आले. दुपारपासून उचकी लागली ती थांबेना. कोणीतरी आठवण काढत असेल, म्हणून मुंबईच्या लेकीला फोनही लावून झाला.

दुसऱ्या दिवशी आबांच्या पत्नीच्या एक गोष्ट लक्षात आली. हातात धरवणार नाही इतका गरम चहाचा पेला आबांनी उजव्या हातात निवांत धरून ठेवला होता. त्यांनी ही गोष्ट आम्हाला आठवडाभराने सांगितली, कारण तोपर्यंत तसे कोणी विचारलेच नव्हते. तिसऱ्या दिवशी आवाज बसला, पाणी पिताना जोराचा ठसका लागू लागला आणि एकदा पाणी नाकातून बाहेर आले. तेव्हा त्यांना सांगलीला आणण्यात आले.

मेंदूचा सीटी स्कॅन सामान्य आला. मेंदूच्या तळाकडच्या लहान भागात रक्तपुरवठा तुटला असेल, तर तो सीटी स्कॅनमध्ये अनेकदा दिसत नाही. दुसऱ्या दिवशी केलेल्या एमआरआयमध्ये लंबमज्जेच्या, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या तळाच्या भागाच्या, डाव्या बाजूला, नखाएवढ्या जागेत, इजा आढळली. ही जागा लहान असली तरी फार दाटीवाटीची आहे. घसा आणि स्वरयंत्र यांच्या स्नायूंना हुकूम देणारी केंद्रे, चेहऱ्याच्या त्याच बाजूची संवेदना, शरीराच्या विरुद्ध बाजूची उष्णता आणि वेदना यांचे मार्ग आणि तोल सांभाळणारे धागे असे सगळे तेथून जाते. हातापायांना ताकद देणारे मार्ग मात्र तेथून नव्हे, तर पुढच्या अंगाने, मध्यरेषेजवळून जातात. म्हणून डावा गाल बधिर, उजव्या हाताला चटका न जाणवणे, चक्कर, उचकी, बसलेला आवाज आणि गिळता न येणे, या एकमेकींशी संबंध नसलेल्या वाटणाऱ्या तक्रारी एकाच ठिकाणच्या होत्या. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देण्याची साडेचार तासांची मुदत तर पहिल्याच दिवशी उलटून गेली होती.

अडचण

चौथ्या दिवशी मी आबांना प्रथम तपासले. चमच्याने पाणी दिल्यावर तिसऱ्याच चमच्याला जोराचा ठसका लागला. तोंडावाटे काहीही देऊ नये आणि नाकातून पोटात नळी घालावी, असा सल्ला आम्ही दिला. घरच्यांनी कारण विचारले, तेव्हा मी नेहमीच्या सवयीने म्हणाले, ‘श्वासनळीवर एक झाकण असतं, ते वेळेवर बसत नाहीये.’

हे वाक्य सोपे असल्यामुळे घरच्यांनी ते घट्ट धरले. थोरल्या मुलाने विचारले, ‘मॅडम, झाकण खराब झालं असेल तर ऑपरेशन करून दुसरं बसवता येत नाही का?’ आबांच्या पत्नीला वाटले, की हे झाकण म्हणजे पडजीभ, आणि ती उचलणारी एक बाई त्यांच्या माहितीची होती. नळीला मात्र त्यांचा ठाम विरोध होता. ‘नळी घातलेला माणूस घरी परत येत नाही,’ हा त्यांचा अनुभव होता आणि त्यांच्या भावकीत तसे घडलेही होते. विचार करायला त्यांनी दोन दिवस मागितले. तोवर सलाईन चालू राहिले.

पाचव्या दिवशी घरच्यांनी आमच्या नकळत आबांना दोन घोट चहा पाजला. थोडासा ठसका लागला. सहाव्या दिवशी सकाळी पुन्हा चहा दिला आणि ठसका लागलाच नाही. सूनबाईंनी ही गोष्ट आनंदाने आणि प्रामाणिकपणे मला सांगितली. मी समोर पुन्हा पाच चमचे पाणी देऊन पाहिले. ठसका आला नाही. केसपेपरवर मी लिहिले : ‘ठसका नाही. पातळ-मऊ आहार तोंडावाटे सुरू करून पाहावा.’ सातव्या दिवशी रात्री आबांना थंडी वाजून ताप आला, आणि आठव्या दिवशीच्या एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया दिसला.

गिळताना घशात काय घडते

पुढचे निर्णय कळण्यासाठी येथे थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण ‘झाकण’ या शब्दाने आम्हा सर्वांचीच दिशाभूल केली होती.

मी ज्याला झाकण म्हटले ते एपिग्लॉटिस आणि पडजीभ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पडजीभ टाळूच्या मागच्या कडेला वरून लोंबते आणि तोंड उघडले की आरशात दिसते. एपिग्लॉटिस जिभेच्या मुळामागे खालून वर उभे असते आणि मोठ्या माणसात सहसा असे दिसत नाही. ते पानाच्या आकाराचे असते. कानाच्या वरच्या भागात जी लवचिक कूर्चा असते, तीच यातही असते. कान दुमडून सोडला की जसा आपोआप पूर्ववत होतो, तसेच हे पान वाकून पुन्हा उभे राहते. त्याचे निमुळते देठ स्वरयंत्राच्या पुढच्या ढालीसारख्या कूर्चेला आतून चिकटलेले असते. बाहेरून हाताला लागणारा कंठमणी म्हणजे याच कूर्चेचा पुढे आलेला भाग. पान आणि जीभ यांच्या मध्ये दोन लहान खळगे असतात, आणि पानाच्या दोन्ही कडांपासून मागे जाणाऱ्या घड्यांच्या बाहेर, स्वरयंत्राच्या डाव्या-उजव्या बाजूंना, आणखी दोन खोलगट जागा असतात. अन्न यांपैकी कोठे अडकून राहते, यावरून बिघाडाविषयी बरेच काही समजते.

या पानाला स्वतःहून खाली पडण्याइतका जोरकस स्नायू नसतो. आपण घोट गिळतो तेव्हा जिभेखालचे नालाच्या आकाराचे हायॉइड हाड आणि त्याला बांधलेले स्वरयंत्र वर आणि पुढे खेचले जाते. कंठमण्यावर बोट ठेवून आवंढा गिळला, तर ही उचल कोणालाही जाणवते. या ओढीमुळे पान आडवे होते, आणि मग जिभेचे मूळ मागे सरकून व घास वरून दाबून ते आणखी खाली झुकवतात. त्याच वेळी स्वररज्जू एकमेकांना भिडतात, त्यांच्यामागच्या लहान कूर्चा पुढे झुकून पानाच्या देठाकडे टेकतात, सुमारे सेकंदभर श्वास थांबतो, आणि अन्ननलिकेच्या तोंडाशी एरवी आवळून बसलेला स्नायू सैल होतो. घास बहुधा पानाच्या दोन्ही अंगांनी दुभंगून खाली जातो. सारे काही सेकंदाच्या आसपास आटोपते आणि त्यानंतर बहुतेक वेळा आपण श्वास सोडतो, घेत नाही. त्यामुळे दाराशी एखादा कण राहिलाच तर तो बाहेर फेकला जातो.

म्हणजे श्वासमार्गाचे रक्षण एकट्या पानावर अवलंबून नसते. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ फ्रान्स्वा माजांदी यांनी १८१३ मध्येच कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखवले होते, की एपिग्लॉटिस काढून टाकल्यावरही गिळणे बऱ्यापैकी सुरक्षित चालू शकते. कर्करोगासाठी ज्यांच्या एपिग्लॉटिसचा भाग काढावा लागतो, असे अनेक रुग्णही सरावाने पुन्हा जेवू लागतात. दोनशे वर्षे उलटली तरी शाळेच्या पुस्तकातले झाकण काही आपल्या मनातून निघत नाही, आणि मी स्वतःही त्याला अपवाद नव्हते.

याहून महत्त्वाची आहे ती संवेदना. एपिग्लॉटिस आणि स्वरयंत्राचा वरचा भाग यांची खबर व्हेगस चेतेची एक शाखा मेंदूला, म्हणजे नेमकी लंबमज्जेला, पोहोचवते. थेंबभर पाणी चुकीच्या जागी गेले की ठसका लागतो, तो या खबरीमुळे. खबरच पोहोचत नसेल, तर पाणी स्वररज्जूंच्या खाली उतरते आणि माणूस शांतपणे पुढचा घोट घेतो.

आबांचा ठसका थांबण्याचे कारण हेच होते. नवव्या दिवशी नाकातून बारीक दुर्बीण घालून, हिरवा खाद्यरंग मिसळलेले दूध आणि दही देऊन गिळण्याची तपासणी केली, तेव्हा मुलालाही पडद्यासमोर उभे केले. एपिग्लॉटिस शाबूत होते. घोटाच्या क्षणी पडदा पांढरा झाला, म्हणजे सारे काही एकमेकांवर मिटले. पण ते उशिरा आणि अपुरे मिटले, आणि पान पुन्हा उभे राहिले तेव्हा डाव्या बाजूच्या खोलगट जागेत हिरवे दूध साचलेले होते. डावी स्वररज्जू हलत नव्हती. काही क्षणांत ते दूध कडेवरून ओघळून स्वररज्जूंच्या खाली उतरले. आबांना त्याचा पत्ताही नव्हता. दुर्बिणीच्या टोकाने पानाच्या डाव्या कडेला स्पर्श केला, तरी त्यांना काही जाणवले नाही. उजव्या कडेला करताच ते दचकले. दाट दह्याचा प्रकार वेगळा होता : ते लगेच खाली ओघळले नाही, पण अन्ननलिकेचे तोंड नीट उघडत नसल्यामुळे बरेचसे तेथेच चिकटून राहिले. दाट केले की सुरक्षित, हा समज त्यामुळे आबांच्या बाबतीत अर्धाच खरा होता.

मुलाने बराच वेळ पडद्याकडे पाहून म्हटले, ‘म्हणजे पाट शाबूत आहे, पण दारं मोडायला माणूसच जागेवर नाही.’ उसाला पाणी पाजताना एका सरीचे पाणी दुसरीत वळवण्यासाठी खोरे घेऊन उभा असलेला माणूस त्याच्या डोळ्यांसमोर होता. मी इतकी वर्षे शोधत होते ते स्पष्टीकरण त्याने एका वाक्यात दिले.

पर्याय

तोंडावाटे आहार बदलून चालू ठेवणे हा घरच्यांच्या पसंतीचा पर्याय होता. न्यूमोनिया झालेला असताना आणि ठसका येत नसताना तो स्वीकारणे योग्य वाटले नाही. नाकातून नळी घालणे सोपे होते, पण तिच्यामुळे घसा टोचतो, नळी निघून येऊ शकते, आणि ती असली म्हणून लाळ किंवा पोटातून वर आलेले अन्न फुप्फुसात जाणारच नाही, अशी खात्री देता येत नाही. पोटाच्या त्वचेतून थेट जठरात नळी बसवण्याचा पर्याय लांबच्या मुदतीसाठी अधिक सोयीचा असतो. साधारण चार आठवड्यांपेक्षा जास्त काळ नळी लागणार असेल, तर त्याचा विचार करतात. अन्ननलिकेच्या तोंडाशी आवळलेला स्नायू सैल करण्याचे उपायही आहेत, परंतु ते इतक्या लवकर करण्यात अर्थ नव्हता.

निर्णयाचा मुख्य आधार एकच होता. लंबमज्जेच्या या प्रकारच्या इजेत सुरुवातीला गिळणे पूर्ण बंद पडले, तरी अनेक रुग्णांत ते काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बऱ्याच प्रमाणात परत येते. म्हणून आधी नाकातून नळी घालावी आणि चार आठवड्यांनी पुन्हा तपासावे, असे ठरले. आबांच्या पत्नीला मुलाने समजावले. आम्ही एवढेच केले, की नळी कोणत्या दिवशी काढायची याचा विचार करण्यासाठी भेटीची तारीख नळी घालतानाच कागदावर लिहून दिली. त्या तारखेचा उपयोग आमच्या कोणत्याही आकृतीपेक्षा जास्त झाला.

कृती

न्यूमोनियावर प्रतिजैविके चालू झाली. नळीतून देण्याच्या गोळ्यांचा आढावा घेताना असे आढळले, की रक्तदाबाची एक गोळी हळूहळू विरघळणारी होती. ती कुटून देता येत नाही, म्हणून बदलली. नळीतून आहार देताना आबांना टेकून बसवायचे आणि नंतर निदान अर्धा तास आडवे होऊ द्यायचे नाही, हे सूनबाईंनी पहिल्याच दिवशी आत्मसात केले.

तोंडाच्या स्वच्छतेवर आम्ही फार भर दिला. जो माणूस तोंडाने खात नाही त्याचे दात घासायचे कशाला, असे घरच्यांना वाटत होते. परंतु लाळ फुप्फुसात उतरणारच असेल, तर तिच्यात जंतू जितके कमी तितके चांगले. आबांची वर्षानुवर्षांची मिश्री बंद करून दिवसातून दोनदा मऊ ब्रशने दात, हिरड्या आणि जीभ स्वच्छ करणे सुरू झाले. मिश्री सुटल्याचे श्रेय मात्र आबा आजही आजाराला देतात, आम्हाला नाही.

व्यायाम रोज तीन वेळा होत. जोर लावून आवंढा गिळणे. गिळताना कंठमणी वर गेला की तो दोन सेकंद वरच धरून ठेवणे. आणि उताणे झोपून, खांदे न उचलता, फक्त डोके उचलून पायांच्या बोटांकडे पाहणे. हे सारे एपिग्लॉटिसचे नव्हे, तर त्याला वाकवणाऱ्या यंत्रणेचे व्यायाम आहेत. तिसऱ्या आठवड्यापासून मान डावीकडे वळवून, मध्यम दाट पेजेचे पाव चमचे आमच्या देखरेखीखाली सुरू केले. मान दुबळ्या बाजूला वळवली की त्या बाजूची वाट मिटते आणि घास चांगल्या बाजूने जातो.

दाटपणा आणणारी विकतची पावडर महाग पडत होती, म्हणून घरी नाचणीच्या पिठाची पेज वापरायची ठरले. येथे एक अडचण आली, जी आम्हाला आधीच सुचायला हवी होती. चमचा तोंडात घालून पुन्हा वाटीत बुडवला, की लाळेतील अमायलेजमुळे पिष्टमय पेज काही मिनिटांत पातळ होते. म्हणून दोन वाट्या ठेवल्या : एक साठवणीची आणि एक, चार-पाच चमच्यांपुरती, खाण्याची.

चौथ्या आठवड्यातील निर्णय

ठरल्या तारखेला पुन्हा दुर्बिणीने तपासणी केली. साचणे कमी झाले होते, पानाच्या डाव्या कडेला स्पर्श अंधुक जाणवू लागला होता, पण पातळ दूध अजूनही खाली उतरत होते. पोटातून नळी बसवावी की वाट पाहावी? आम्ही वाट पाहण्याचे ठरवले. तीन दिवसांनी रात्री नाकातली नळी खोकल्याबरोबर निघून आली, आणि ती पुन्हा घालून एक्स-रेने जागा तपासण्यासाठी आबांना गाडीत घालून सांगलीला आणावे लागले. गाव जवळ असते तर हा निर्णय बिनचूक म्हणता आला असता. तितक्या अंतरावरच्या, घरात एकच गाडी असलेल्या कुटुंबासाठी तो तसा होता का, याविषयी आमच्या पथकात अजूनही दोन मते आहेत.

पाचव्या आठवड्याच्या शेवटी, मान डावीकडे वळवलेली असताना, मध्यम दाट पदार्थ एकदाही खाली उतरला नाही. एकोणचाळिसाव्या दिवशी नळी काढली.

काय वेगळे करता आले असते

सहाव्या दिवसाची ती नोंद सर्वांत आधी सांगायला हवी. चौथ्या दिवशी जोराचा आणि सहाव्या दिवशी मुळीच नाही, असा ठसक्यातला बदल मज्जासंस्था दोन दिवसांत सुधारल्यामुळे होणे शक्य कोटीतले असले, तरी संभाव्य नव्हते. मी फक्त कान ठसक्याकडे लावले. पाणी दिल्यानंतर आबांना ‘आ’ म्हणायला लावले असते, तर ओला, गुरगुरणारा आवाज ऐकू आला असता. श्वासाचा वेग मोजला असता, तर तोही वाढलेला सापडला असता. आवाज बसलेला आहे, म्हणजे स्वररज्जू हलत नसावी, आणि इजा संवेदनेच्या केंद्राजवळ आहे, हे एमआरआयच्या अहवालावरून दिसतच होते. दुर्बिणीची तपासणी त्याच दिवशी मागायला हवी होती. आता आमच्या तपासणीच्या कागदावर ठसक्याशेजारी आवाज आणि श्वास यांच्यासाठी वेगळे रकाने आहेत.

दुसरी गोष्ट त्या शब्दाची. झाकण म्हटले की ते बदलता येते, बसवता येते, आणि आवाज न करता बसले म्हणजे नीट बसले, असेच कोणालाही वाटणार. घरच्यांनी चोरून चहा पाजला, असे आम्ही पहिल्यांदा तक्रारीच्या सुरात म्हटले. पण ठसका थांबला म्हणजे झाकण बसले, हा निष्कर्ष त्यांनी आमच्याच उपमेवरून काढला होता. हल्ली मी रुग्णाचे बोट त्याच्याच कंठमण्यावर ठेवून सुरुवात करते.

पहिल्या दिवशी पित्त समजले जाणे कितपत टाळता आले असते, हे सांगणे अवघड आहे. चक्कर आणि उलटी यांचे रुग्ण गावात रोज येतात. तरीही चक्करेसोबत एका गालाची बधिरता, न थांबणारी उचकी किंवा पाण्याचा ठसका असेल, तर हात-पाय चालत असले तरी पक्षाघाताचा विचार व्हायला हवा. चटका न जाणवलेल्या त्या पेल्याविषयी चौथ्या दिवशी आम्ही तरी विचारायला हवे होते.

परिणाम

नळी काढल्यानंतर दहाव्या दिवशी सूनबाईंचा घाबरून फोन आला : आबांना दूध-भाकरी खाताना जोराचा ठसका लागला होता. दुधात कुस्करलेली भाकरी त्यांना सर्वांत मऊ आणि म्हणून सर्वांत सुरक्षित वाटली होती. वस्तुतः पातळ दूध आणि घन तुकडे यांचे मिश्रण अवघड असते, कारण तुकडे चावेपर्यंत दूध आधीच घशात पोहोचते. तो पदार्थ थांबवला. पण फोन ठेवल्यावर पथकात आनंदच झाला, कारण खबर पुन्हा मेंदूपर्यंत पोहोचू लागली होती. छाती तपासली, ती स्वच्छ होती.

सहा महिन्यांनंतर आबा मऊ भात, मुगाची खिचडी, दही आणि आमटीत पूर्ण भिजवून एकजीव केलेली भाकरी खातात. आजारपणात सहा किलो वजन घटले होते, त्यातले चार परत आले आहे. आवाज अजून थोडा घोगरा आहे. चहा ते मान डावीकडे वळवून, लहान घोटांनी घेतात. त्यासाठी घरात त्यांची खुर्ची अशी ठेवली आहे की मान वळवली तरी समोर अंगण दिसावे. कोरडे, चुरा होणारे पदार्थ बंद आहेत, आणि त्यात त्यांचा आवडता भडंगही आहे. दर भेटीला ते त्याच्याविषयी विचारतात. पुढच्या छाटणीपूर्वी एकदा दुर्बिणीने तपासून त्याचे उत्तर द्यायचे ठरले आहे.